प्रदूषित पाणी आणि माशांच्या प्रतिकारपेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीत मृत माशांचा खच पडला की बातमी होते. त्याच्या कितीतरी आधी, मासे पोहत-खात असतानाच, त्यांच्या प्रतिकारपेशी निकामी होत आलेल्या असू शकतात. त्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी, शेततळ्यात मासे पाळणारे शेतकरी आणि नदीकाठची माणसे या विषयावर पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे इथे दिली आहेत.

माशांना आपल्यासारखी प्रतिकारशक्ती असते का?

असते. जंतू गिळून पचवणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, जखमेकडे आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, एकदा भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी आणि बी लिम्फोसाइट पेशी, रक्तातली प्रतिपिंडे. हे सगळे माशांतही आहे. फरकही मोठे आहेत. माशांच्या हाडांत रक्तपेशी बनवणारा मगज नसतो आणि आपल्या मानेत-काखेत असतात तशा लसिकाग्रंथी नसतात. त्यांच्या बी पेशी प्रतिपिंडे तर बनवतातच, शिवाय जंतू गिळूही शकतात. ट्राउट माशात हे २००६ साली दाखवले गेले, तेव्हा पाठ्यपुस्तकातली जुनी विभागणी मोडली.

आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा फरक तापमानाचा आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते आणि थंड पाण्यात प्रतिपिंडे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून माशाची खरी भिस्त जन्मजात प्रतिकारावर असते: त्वचेवरचा बुळबुळीत थर, भक्षक पेशी आणि न्यूट्रोफिल. प्रदूषणाचा पहिला घाव याच फळीवर बसतो.

या पेशी शरीरात तयार कुठे होतात?

मासा साफ करताना पोटातली घाण काढली की आत कण्याला चिकटलेली एक गडद लाल पट्टी दिसते. आपण ती सुरीने खरवडून टाकतो. तो मूत्रपिंड. त्याच्या डोक्याकडच्या भागाला शीर्षवृक्क म्हणतात आणि मोठ्या माशात माशाचा रक्ताचा कारखाना तोच. भक्षक पेशी, न्यूट्रोफिल, बी पेशी तिथे जन्मतात. टी पेशी थायमसमध्ये घडतात आणि हा थायमस कल्ल्यांच्या पोकळीत, झाकणाखाली, पाण्यापासून अगदी थोड्या अंतरावर असतो. प्लीहा आहेच. कल्ले, आतडे आणि त्वचा यांतही प्रतिकारपेशी पेरलेल्या असतात.

शीर्षवृक्काची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ताणाच्या वेळी स्रवणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशीही त्याच अवयवात, प्रतिकारपेशींच्या शेजाराला असतात. पाणी बिघडले, ऑक्सिजन उतरला, गर्दी झाली की कॉर्टिसोल वाढते आणि रक्तातल्या लिम्फोसाइट कमी होतात. त्यामुळे एखादे रसायन पेशीला थेट मारत नसले, तरी माशाला सतत ताणाखाली ठेवून तेच काम करू शकते.

पाण्यातले विष या पेशींपर्यंत पोहोचते कसे?

मुख्यतः कल्ल्यांतून. ऑक्सिजन आत यावा म्हणून कल्ल्यांचा पडदा अतिशय पातळ आणि पसरट असतो, आणि त्याच वाटेने विरघळलेले धातू व रसायनेही आत शिरतात. दुसरी वाट खाद्याची. पारा, पीसीबी (कारखान्यांत वापरली जाणारी, सहज न मोडणारी क्लोरीनयुक्त रसायने) यांसारखी द्रव्ये शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि तिथून मोठ्या माशांत साचत जातात. तळाशी चरणाऱ्या माशांना तिसरी वाट गाळाची. कारखाना बंद होऊन वर्षे लोटली, तरी गाळातले विष तिथेच असते.

पाण्यात मासे जिवंत आहेत, मग पाणी ठीकच आहे ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

एखादे रसायन माशांना किती घातक, हे पाहण्याची रूढ चाचणी ९६ तासांची असते. चार दिवसांत निम्मे मासे कोणत्या मात्रेला मरतात, ते मोजायचे. आपल्या देशात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ खाली सांडपाण्याची जी सर्वसाधारण मानके आहेत, त्यांत एक जैवचाचणी आहे: निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले की सांडपाणी चाचणीत उतरले. तीव्र विष पकडायला ही चाचणी चांगली आहे. पण तिच्या टाकीत माशाचा सामना रोगजंतूशी होत नाही, आणि प्रतिकारपेशी दुबळ्या झाल्या असतील, तर मासा मरतो तो जंतूशी गाठ पडल्यावरच. शिवाय कमी मात्रेचा पेशींवरचा परिणाम दिसायला चार दिवस अनेकदा पुरत नाहीत, कित्येक आठवडे लागू शकतात. नदीत मात्र मासा आयुष्यभर राहतो आणि जंतू तिथे बारा महिने असतात.

मग होते काय, तर मासा विषाने न मरता महिनाभराने एखाद्या साध्या जिवाणूने मरतो. तपासणीत जिवाणू सापडतो, कारण म्हणून त्याचेच नाव लागते आणि सांडपाण्याचा उल्लेखही येत नाही. माझ्या मते आपल्या नद्यांच्या तपासणीतली ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढण्यासाठी लागणारे ज्ञान कित्येक वर्षांपासून हाताशी आहे.

भक्षक पेशीला नेमके काय होते? एखादे भारतीय उदाहरण आहे का?

आहे. बंगालच्या भूजलात आर्सेनिक आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भागातल्या संशोधकांनी देशी मागूर माशाला अगदी कमी मात्रेच्या आर्सेनिकमध्ये ३० दिवस ठेवले. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मात्रा इतकी कमी होती की मासे मरत नव्हते. पण शीर्षवृक्कातल्या भक्षक पेशी काढून पाहिल्या, तर त्यांची जंतू गिळण्याची ताकद घटली होती. मग त्या माशांना एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू दिला. निरोगी मासा हा जिवाणू शरीरातून साफ करतो. आर्सेनिकमधल्या माशांना ते जमले नाही, जिवाणू त्यांच्या अवयवांत पसरला आणि तिथेच राहिला.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. भक्षक पेशी जंतूला गिळते आणि आत त्याच्यावर ऑक्सिजनच्या अतिशय दाहक रूपांचा मारा करते. हा मारा नेमक्या वेळी, नेमक्या जागी व्हावा लागतो. आर्सेनिक, पारा यांसारखी मूलद्रव्ये प्रथिनांतल्या गंधकाच्या टोकांना चिकटतात, त्यामुळे पेशीतली विकरे (एन्झाइम) आणि तिची स्वतःची संरक्षक द्रव्ये निकामी होतात. मग एकीकडे जंतूवरचा मारा ढिला पडतो आणि दुसरीकडे तीच दाहक द्रव्ये पेशीत भलतीकडे वाढून तिलाच आत्मनाशाकडे ढकलतात. मागूरच्या भक्षक पेशी आर्सेनिकमुळे अशाच आत्मनाशाने मरतात, हे पुढच्या प्रयोगांत दिसले.

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण मासा आपल्या ओळखीचा आहे, विष खरोखर आपल्या पाण्यातले आहे आणि जिवाणू प्रत्येक तळ्यात असतो.

तेल, डांबर आणि धुरातल्या रसायनांचे काय?

या रसायनांवरचा अभ्यास बराच जुना आणि सखोल आहे. लाकूड, कोळसा, डिझेल जळताना किंवा डांबरातून बेन्झोपायरीनसारखी बहुवलयी रसायने बाहेर पडतात. माशांच्या पेशींत एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नावाचा एक ग्राहक असतो. ही रसायने त्याला जाऊन चिकटली की पेशी त्यांना मोडणारी विकरे तयार करू लागते. मोडतोडीतून निघणारे तुकडे मूळ रसायनापेक्षा जास्त विषारी असू शकतात आणि ते डीएनएला चिकटतात. हे सगळे फक्त यकृतात घडत असते, तर नुकसान तिथेच राहिले असते. पण मेडाका या जपानी माशावरच्या कामातून दिसले, की प्रतिकारपेशींजवळही ही विकरे असतात. म्हणजे विषाचे विषारीपण वाढवणारी यंत्रणा त्या पेशींच्या आतच आहे.

प्रत्यक्ष नदीतले उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या एलिझाबेथ नदीचे. तिच्या काठी लाकडाला क्रिओसोट हे डांबरी तेल चोळणारे कारखाने होते आणि गाळ त्या रसायनांनी भरला होता. १९८० च्या दशकात तिथल्या दोन माशांच्या भक्षक पेशी तपासल्या गेल्या: स्पॉट, आणि आपल्या लेपासारखा चपटा हॉगचोकर. स्वच्छ नदीतल्या त्याच जातींच्या माशांशी तुलना केली, तेव्हा एलिझाबेथ नदीतल्या माशांच्या पेशी फारच कमी जंतू गिळत होत्या.

दुसरे उदाहरण सिएटल शहरातून समुद्राला मिळणाऱ्या डुवामिश नदीचे. चिनूक सामनची पिल्ले गोड्या पाण्यातून समुद्राकडे जाताना तिच्या मुखाशी काही काळ थांबतात, आणि तिथल्या गाळात पीसीबी व ही बहुवलयी रसायने आहेत. अशी पिल्ले पकडून त्यांना व्हिब्रिओ जिवाणू दिला, तर स्वच्छ खाडीतल्या पिल्लांपेक्षा ती जास्त मेली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या त्यांच्या पेशींचा प्रतिसादही खालावलेला होता.

अलास्कातल्या तेलगळतीमुळे हेरिंग मासे संपले, हे खरे का?

इतके सरळ सांगता येत नाही. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डिझ जहाजाचे तेल प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सांडले आणि १९९३ मध्ये तिथला हेरिंगचा साठा कोसळला. माशांमध्ये व्हीएचएस हा विषाणू सापडला. शिळे झालेले तेल दिलेल्या हेरिंगमध्ये हा विषाणू उफाळून येतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण मधली चार वर्षे, खाद्याची टंचाई, माशांची वाढलेली दाटी यांचाही वाटा असू शकतो आणि शास्त्रज्ञांत यावर अजून एकमत नाही. प्रतिकारशक्तीवरच्या परिणामाची ही नेहमीची अडचण आहे. विष आणि मृत्यू यांच्यामध्ये एक रोग उभा असतो.

शेतातली कीटकनाशके माशांच्या प्रतिकारपेशींवर परिणाम करतात का? ती तर किड्यांच्या मज्जासंस्थेसाठी असतात.

करतात, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे. मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस, डायझिनॉन या गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलीन हे संदेशद्रव्य मोडणाऱ्या विकराला अडवतात. हे संदेशद्रव्य फक्त मज्जातंतूंचे, असे पूर्वी मानत. पण माशांच्या पांढऱ्या पेशीसुद्धा ते वापरतात. मेक्सिकोतल्या संशोधकांनी तिलापियावर, म्हणजे आपल्या उजनीकडच्या चिलापीवर, डायझिनॉनचे प्रयोग केले आणि प्लीहेतल्या पेशींची ही स्वतःची संदेशव्यवस्थाच बिघडते असे दाखवले.

आपल्याकडे यात वेळेचा प्रश्न आहे. पहिल्या पावसात कोकणात वलगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांतून भातखाचरांत चढतात. वर्षभर जमिनीवर साचलेली घाण आणि फवारणीचे अवशेष याच पाण्याबरोबर वाहत येतात. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाचा प्रतिकार तेव्हा नुकता घडू लागलेला असतो. झेब्राफिशमध्ये पहिले काही आठवडे केवळ जन्मजात प्रतिकार काम करतो, टी आणि बी पेशींची फळी नंतर उभी राहते. या काळात बसलेला फटका मोठ्या माशाला बसलेल्या फटक्यापेक्षा जास्त खोल जातो.

कोणते धातू जास्त त्रास देतात?

तांबे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांवर भरपूर काम झाले आहे. कॅडमियम जस्ताच्या जागी घुसतो आणि जस्त नसले की लिम्फोसाइट नीट वाढत नाहीत. पारा जास्त मात्रेत पेशी मारतो, कमी मात्रेत त्यांच्यातले कॅल्शियमचे संदेश बिघडवतो.

तांब्याबद्दल तळेवाल्यांनी विशेष सावध राहावे, कारण शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची सवय आहे. ट्राउट माशांना कमी मात्रेतले तांबे देऊन मग आयएचएन विषाणू दिला, तर मृत्यू वाढतात, हे १९७९ सालीच दाखवले गेले आहे. मोरचूद टाकताना पाण्याचा क्षारपणा न मोजणे धोक्याचे. क्षार कमी असलेल्या, म्हणजे मऊ पाण्यात तेच प्रमाण कितीतरी जास्त विषारी ठरते.

प्लास्टिकचे बारीक कण आणि औषधेही यात येतात का?

येतात. प्लास्टिकच्या बाबतीत एक उलटा परिणाम दिसतो. फॅटहेड मिनो या माशाच्या न्यूट्रोफिल पेशींवर पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण टाकले, तेव्हा त्या दबल्या नाहीत, उलट भडकल्या. आतले मारक द्रव्य बाहेर फेकू लागल्या, जंतू अडकवण्यासाठी त्या स्वतःच्या डीएनएचे जाळे पसरतात तेही पसरू लागल्या. समोर जंतू नसताना असे होणे माशाला परवडणारे नाही. दाह वाढतो, स्वतःच्याच ऊती दुखावतात आणि खरा जंतू येतो तेव्हा पेशी थकलेल्या असतात. म्हणून 'प्रदूषणाने प्रतिकारशक्ती कमी होते' हे वाक्य अर्धेच खरे आहे. ती भलत्या वेळी जागी झाली तरी मासा आजारीच पडतो.

औषधांपैकी डायक्लोफेनॅक आपल्याला गिधाडांमुळे माहीत आहे. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली, पण माणसे ते घेतातच आणि ते सांडपाण्यातून नदीत जाते. रेनबो ट्राउटला २८ दिवस लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेत ठेवले, तर मूत्रपिंड आणि कल्ल्यांत बिघाड दिसतो. हे दोन्ही अवयव प्रतिकारपेशींचे घर आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेनही महत्त्वाचे, कारण माशांच्या प्रतिकारपेशींवर त्याचे ग्राहक असतात.

पंचगंगेत आणि कृष्णेत मासे मरतात, ते प्रतिकारशक्ती गेल्यामुळे का?

एका रात्रीत हजारो मासे मेले असतील, तर बहुधा नाही. तेरवाड बंधाऱ्याजवळ किंवा सांगलीजवळ मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक वर्षे येत आहेत. मळीमिश्रित पाणी किंवा शहराचे सांडपाणी आले की त्यातले सेंद्रिय द्रव्य खाण्यासाठी जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि गुदमरून मरतात. पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, म्हणून सकाळी खच दिसतो.

प्रतिकारपेशींचा प्रश्न त्यानंतर, जे मासे वाचले त्यांच्याबाबत सुरू होतो. ऑक्सिजनची टंचाई हा माशाला बसणारा फार मोठा ताण आहे. कॉर्टिसोल वाढते, कल्ले सुजतात, त्वचेवरचा थर पातळ होतो. पुढच्या काही आठवड्यांत अंगावर व्रण आलेले, खवले उभे राहिलेले, सुस्त मासे जाळ्यात येऊ लागले, तर त्यांचा त्या घटनेशी संबंध आहे का, हे तपासायला हवे.

अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा असलेले मासे प्रदूषणामुळेच तसे होतात का?

दरवेळी नाही. मरळ आणि इतर गोड्या पाण्यातल्या माशांना होणारा साथीचा व्रणरोग ॲफॅनोमायसिस इन्व्हाडान्स या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. भारतात तो १९८८ मध्ये ईशान्येकडून शिरला. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत तो जास्त दिसतो, आणि तेव्हाच माशांचा प्रतिकार संथ असतो. पाणी आम्लधर्मी असेल किंवा त्वचा आधीच दुखावलेली असेल, तर या जीवाला आत शिरायला सोपे जाते. म्हणून रोगाचे कारण तो जीव आणि त्याला दार उघडून देणारे कारण पाणी, अशा दोन्ही नोंदी कराव्यात.

मासे हळूहळू प्रदूषणाला सरावतात ना?

काही जाती सरावतात. वर सांगितलेल्या एलिझाबेथ नदीत किलिफिश हा बोटाएवढा मासा आज इतक्या विषारी गाळावर जगतो, की स्वच्छ नदीतल्या त्याच्या भाईबंदांची अंडी तिथे वाढूच शकत नाहीत. त्याच्या जनुकांत बदल झाले आणि वर सांगितलेल्या एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टरचा मार्गच मंदावला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अशा चार विषारी खाड्यांतल्या किलिफिशांचा जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पण किलिफिशची संख्या प्रचंड असते आणि त्याच्यात जनुकीय विविधताही मोठी असते. पश्चिम घाटातल्या एखाद्याच ओढ्यात सापडणाऱ्या माशाजवळ यातले काहीच नाही. शिवाय या सरावलेल्या माशांना कमी ऑक्सिजन सोसत नाही, असेही आढळले. सरावाची ही किंमत आहे, आणि बहुतेक जातींना ती मोजण्याइतका वेळही मिळणार नाही.

स्वच्छ पाण्यात नेले तर पेशी सुधारतात का?

याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही वरच्याच नद्यांतली आहेत. एलिझाबेथ नदीतले मासे स्वच्छ पाण्यात काही आठवडे ठेवले, तेव्हा त्यांच्या भक्षक पेशी पुन्हा जंतू गिळू लागल्या. डुवामिशची सामन पिल्ले दोन महिने स्वच्छ समुद्री पाण्यात ठेवूनही दुबळीच राहिली. एकीकडे वाढ झालेले मासे होते, दुसरीकडे पिल्ले. शिवाय पीसीबी चरबीत साचते आणि लवकर बाहेर पडत नाही.

विष अंड्यातूनही पुढे जाते. मिथिलपारा आणि पीसीबी आईच्या शरीरातून बलकात उतरतात. आईची प्रतिपिंडेही त्याच बलकातून पिल्लाला मिळतात. पिल्लू जगात येते ते या दोन्हींचा वारसा घेऊन.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसे?

महागडी यंत्रे लागतातच असे नाही. माशाच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे प्रमाण मोजता येते. ताणाखालच्या माशात न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले दिसतात. माशाच्या लाल पेशींतही केंद्रक असते, त्यामुळे त्याच पट्टीवर तुटक्या केंद्रकाचे बारीक तुकडे मोजून डीएनएचे नुकसान कळते. भक्षक पेशींना यीस्टचे कण देऊन किती गिळले ते मोजतात. एनबीटी नावाचा पिवळा रंग टाकला आणि पेशी दाहक द्रव्य नीट बनवत असली, तर तो निळा होतो. प्लीहेच्या कापात काळपट रंगद्रव्याने भरलेल्या भक्षक पेशींचे पुंजके असतात. त्यांची संख्या आणि आकार वाढला असेल, तर मासा बराच काळ त्रासात होता असे समजतात, पण वयाने आणि उपासमारीनेही ते वाढतात.

पदव्युत्तर प्रकल्प शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे आग्रहाचे सांगणे: एकच रसायन आणि ९६ तास, असा प्रयोग आता पुन्हा करू नका. असे शेकडो प्रयोग झाले आहेत. आपल्या नदीचे खरे, मिसळलेले पाणी घ्या, महिनाभर थांबा आणि शेवटी जंतूला तोंड द्यायला लावून पाहा. रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथली मत्स्य महाविद्यालये आणि मुंबईतल्या वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था यांच्या आवारापासून प्रदूषित पाणी फार लांब नाही.

माझ्या शेततळ्यातले मासे सारखे आजारी पडतात. काय पाहू?

आधी पाणी, मग औषध. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन मोजा. रोहू-कटलाला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असावा. अमोनिया मोजा. सामू ८.५ च्या वर गेला की तोच अमोनिया जास्त घातक होतो, हे लक्षात ठेवा. पाणी कोणत्या ओढ्यातून येते, वरच्या बांधावर फवारणी कधी झाली, हे वहीत लिहा. बोटुकली आणली की लगेच मोठ्या तळ्यात सोडू नका, काही दिवस वेगळी ठेवा. मासे खायचे कमी झाले, तर खाद्य तेवढेच टाकत राहिल्याने तळ कुजतो आणि त्रास वाढतो.

जीवनसत्त्व क बहुतेक माशांना स्वतः बनवता येत नाही, ते खाद्यातून मिळावेच लागते. जुने, उन्हात पडलेले खाद्य वापरू नका.

मग प्रतिजैविक टाकले तर?

रोगाचे निदान झाल्याशिवाय नको. ऑक्सिटेट्रासायक्लीन कार्प माशांची प्रतिकारशक्ती दाबते, हे १९८० पासून माहीत आहे. जंतू मरावा म्हणून टाकलेले औषध माशाचाच हात धरून ठेवते, आणि औषधाला दाद न देणारे जिवाणू तळ्यात मागे राहतात ते वेगळेच.

असा मासा खाल्ला तर आपल्याला धोका आहे का?

माशांचे बहुतेक जिवाणू नीट शिजवल्यावर मरतात. जखमा असलेला, पोट फुगलेला मासा तरीही घेऊ नये. खरी काळजी धातूंची आहे, कारण शिजवून ते जात नाहीत. पारा थेट मांसात असतो. पीसीबीसारखी द्रव्ये चरबीत आणि यकृतात जास्त असतात. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचे मोठे शिकारी मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत. समुद्री माशातले आर्सेनिक बहुतांशी सेंद्रिय, कमी घातक रूपात असते, त्यासाठी घाबरून सुरमई-बांगडा सोडायचे कारण नाही.

नदीत आजारी किंवा मेलेले मासे दिसले, तर नमुना कसा घ्यावा?

कुजलेल्या माशातून प्रतिकारपेशींबद्दल काही कळत नाही. काही तासांत त्या विरघळतात. धापा टाकणारे, अर्धमेले मासे शोधा. काही बर्फात ठेवा, गोठवू नका. मूत्रपिंड, प्लीहा आणि कल्ल्यांचे बारीक तुकडे शक्य असल्यास १० टक्के फॉर्मलीनमध्ये ठेवा. ऑक्सिजन आणि तापमान जागेवरच मोजा, कारण बाटलीत भरून नेईपर्यंत ते बदलतात. कीटकनाशकांसाठी पाणी काचेच्या बाटलीत, धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या. वेळ लिहा, जागेचा फोटो काढा. सांडपाणी मिसळते त्या जागेच्या वरच्या अंगाचे पाणी आणि तिथले दोन-चार जिवंत मासेही त्याच दिवशी घ्या, कारण तुलनेला निरोगी मासा नसेल तर खालच्या माशाच्या रक्तावरून काहीच सिद्ध करता येत नाही.